शिळ्या पाण्याची कमान

सर गेल्यावर घरी भेटायला येणारी माणसं काकूंच्या खोलीत बसत आणि थोड्या वेळानं त्यांची नजर हळूहळू वर जाई. काकूंच्या पलंगाच्या पायथ्याशी दोन बाजूंना दोन काचेच्या टाक्या आहेत. एका टाकीतून निघून, पलंगावरून आडवी जाऊन, दुसऱ्या टाकीत उतरणारी एक पारदर्शक कमान आहे, पाण्यानं गच्च भरलेली. तिच्यातून एखादा केशरी मासा संथपणे या टाकीतून त्या टाकीत जाताना दिसला की दुःखाचं बोलणं मधेच थांबे. "हे काय हो?" असं कुणीतरी विचारी, आणि काकूंनी तोंड उघडायच्या आत दुसराच कुणीतरी उत्तर देई. एक गृहस्थ म्हणाले, घरात वास्तुदोष होता. एका बाईंनी सांगितलं, सरांनी मोबाइलवर बघितलं आणि वेड घेतलं. सरांचा एक जुना विद्यार्थी डोळे पुसत म्हणाला, "कलाकार माणूस. त्यांना कशाला कारण लागतंय?"

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सरांना कारण लागायचं. कारणाशिवाय त्यांनी कागदावर एक रेघ मारलेली मी पाहिली नाही. या कमानीचं कारण तिथं काकू आणि मी, आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. काकू त्यावर बोलणार नाहीत, म्हणून मी लिहायला बसले आहे.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पैठणहून नोकरीसाठी आले तेव्हा क्रांती चौकाच्या मागच्या गल्ल्यांमधून खोली शोधत फिरत होते. सरांच्या फाटकावर पाटी नव्हती, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं, "तिथं मास्तरांकडं विचारा, पण ते परीक्षा घेतात." मला वाटलं, गंमत करतोय. सरांनी मला ओट्यावर बसवलं, गुडघ्यावर एक पाठकोरा कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "आत्ता राहता त्या खोलीचं दार काढा."

"मला चित्र येत नाही सर."

"चित्र कोण मागतंय? दार मागतोय."

मी एक आयत काढला. मग अडले. कडी उजवीकडे की डावीकडे, ते काही केल्या आठवेना. वर कडी होती की खाली, दाराला फळ्या किती, काहीच नाही. त्या दारातून मी रोज ये-जा करत होते. आतून काकूंचा आवाज आला, "द्या की हो खोली त्या पोरीला! उन्हाची आलीय. दार काढून का राहणारंय ती?" सर कागदाकडे बघत होते. म्हणाले, "नापास. सगळेच होतात. सामान कधी आणताय?"

सर एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते आणि मी आले त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झाले होते. त्यांचे विद्यार्थी कुठेही भेटले की एकच आठवण सांगत: सर वर्गात वांगं आणायचे. टेबलावर एक वांगं ठेवायचं आणि अख्खा तास पेन्सिलीला हात लावू द्यायचा नाही. "बघा," एवढंच. पोरं कंटाळायची, एकमेकांना चिमटे काढायची, आणि तासाच्या शेवटी कुणीतरी म्हणायचा, "सर, त्याच्या देठाजवळ हिरवं दिसतंय, जांभळ्याच्या आत." मग सर वांगं पिशवीत घालून घरी न्यायचे आणि काकू त्याची भाजी करायच्या.

त्यांच्यासमोर कुठल्याही गोष्टीला 'छान' म्हणायची सोय नव्हती. मी नवी साडी नेसले आणि शेजारच्या वहिनी 'छान आहे' म्हणाल्या, तर सर फाटकातून म्हणाले, "छान हा रंग कुठला?" संध्याकाळी दिवा लावायचा नाही, हा त्यांचा आणखी एक कायदा. अंधार पडताना ते ओट्यावर बसून समोरच्या बोगनवेलीकडे बघत. मला म्हणाले होते, "लाल आधी जातो. बघा, काळा पडला. हिरवा जरा तग धरतो. निळा सगळ्यात शेवटी." मी रोज वर जाताना बघू लागले. खरंच तसं होतं. माझ्या वयाची माणसं हे न बघता म्हातारी होतात.

काकू याच्या अगदी उलट. फुलंब्रीकडच्या शेतीवाडीच्या घरातल्या, मोकळ्या आवाजाच्या, दिवसभर घरभर फिरणाऱ्या. नवऱ्याला त्या 'मास्तर' म्हणत आणि मास्तर त्यांना 'पाटलीणबाई'. काकूंची एक जुनी तक्रार होती, ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जाई. "उभ्या जन्मात या माणसानं माझं एक चित्र काढलं नाय. वांगी काढली, माठ काढले, शेजारणीची शेळी काढली. शेळी!"

"शेळी एका जागी उभी राहते," सर म्हणत. "तुम्ही बसता का कधी?"

मग काकू बसल्या. एका सकाळी भाकरी थापताना त्यांचा डावा हात परातीतच राहिला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा डावा हात-पाय लुळा होता, पण बोलणं शाबूत होतं, टोमण्यांसकट. आम्हाला वाटलं, मोठं संकट टळलं.

दुसरंच एक संकट जेवताना कळलं. काकूंनी ताटातली उजवीकडची भाजी संपवली, उजवीकडून अर्धी भाकरी संपवली आणि म्हणाल्या, "एवढुसंच वाढलंत व्हय?" डावीकडचा भात, वरण, अर्धी भाकरी तशीच. सरांनी ताट अर्धं फिरवलं. "हां, हे आता आणलं," म्हणत काकू जेवल्या. केस विंचरले तर उजव्या बाजूचेच. खोलीत डावीकडे खिडकी आहे, त्या म्हणत, "या खोलीला खिडकी कशी नाय?" डोळे ठीक होते, डॉक्टरांनी तपासले होते. डावी बाजू डोळ्यांना दिसत होती, पण काकूंच्या जगात ती उरली नव्हती. डोळ्यांवर कुणी पडदा टाकला तर माणूस तो बाजूला करायला धडपडतो. काकूंना पडदा आहे हेच ठाऊक नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी यायची. तिनं सरांना समजावलं, "आजोबा, सगळ्यांनी यांच्या डाव्या बाजूला बसायचं. बोलायचं ते डावीकडून. उजवीकडे बसलात तर त्या कधीच वळणार नाहीत."

सरांनी त्याच दिवशी लोखंडी खुर्ची उचलून पलंगाच्या डाव्या अंगाला ठेवली आणि तिच्यावर बसले. हात लांब केला तर काकूंच्या पांघरुणाला लागेल इतक्या जवळ. सकाळचा चहा तिथं, पेपर तिथं, दुपारची डुलकी तिथं. आणि काकूंना ते दिसत नव्हते. दार उजवीकडे होतं. सर आत आले की काकू म्हणत, "आलात?" सर पलंगाला वळसा घालून खुर्चीवर बसले की काकू मला म्हणत, "बघ, गेले परत. दोन घडी माझ्यापाशी बसवत नाय त्यांना."

"मी इथंच आहे पाटलीणबाई."

"बाहेरनं काय बोलताय? आत या की!"

पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन यायचा. ती रडकुंडीला येई. "बाबा, काय हट्ट धरलाय? उजवीकडे बसा ना. आईला दिसाल तरी." सर म्हणत, "दिसेन. पण मग अर्धंच घर दिसेल तिला, कायमचं." फोन ठेवल्यावर ते परत खुर्चीवर येऊन बसत. ते सोपं होतं असं मला कधीच वाटलं नाही. एका बाजूला चार पावलं गेलं की बायको आपल्याशी बोलेल, हे माहीत असून ती चार पावलं रोज न टाकणं, यासाठी काय लागतं ते मी पुस्तकांत खूप शोधलं आहे.

फिजिओथेरपीची मुलगी काकूंसमोर टॉर्च धरायची, रंगीत चेंडू फिरवायची, उजवीकडून डावीकडे. मध्यापर्यंत काकूंची नजर यायची आणि तिथून मागे फिरायची. "डावीकडे बघा आजी." "बघतेच की." "अजून डावीकडे." "अगं, मी काय मांजर हाय का, चेंडू फिरवायलीस ते?" दुसऱ्या दिवशी चेंडू दिसला की त्या डोळेच मिटून घेत.

सर खुर्चीवरून हे बघत होते. मुलगी गेल्यावर मला म्हणाले, "हुकमानं कुणी बघत नाही. वर्गात मी काय 'वांगं बघा' म्हटलं म्हणून बघायची का पोरं? दुसरं काही करायलाच नसायचं, म्हणून बघायची."

तपासणीसाठी काकूंना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाहेर बसायच्या जागेत माशांची टाकी होती. नेमकी काकूंच्या उजव्या हाताला आली. तेवढा वेळ काकूंनी कुणाला नावं ठेवली नाहीत, खुर्ची टोचते म्हणाल्या नाहीत, नंबर कधी येणार विचारलं नाही. सर माशांकडे बघतच नव्हते. काकूंच्या डोळ्यांकडे बघत होते.

घरी टाकी आली, चार गोल्डफिश आले, पलंगाच्या पायथ्याशी उजवीकडे मांडणी झाली. गल्लीत चर्चा सुरू झाली. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं. ते कधी येईल यावर बायकांचं बाहेरगावी जाणं ठरतं, लग्नाच्या तारखासुद्धा ठरतात. ड्रम, टाक्या, घागरी, जुने कुकर, सगळं भरून ठेवायचं. त्यात हे. काकू स्वतःच सगळ्यात मोठ्यानं म्हणाल्या, "इथं प्यायच्या पाण्याची बोंब, आन् मास्तरांना मासे पाळायचेत!" पण पाठीशी उशा लावून बसवलं की त्या टाकीकडे बघत राहत. एकाला त्यांनी नावही ठेवलं होतं, फाटक्या शेपटीचा जो जरा मागे पडायचा तो: 'आळशी'.

मग एक दिवस सर म्हणाले, "आता मासे डावीकडे गेले पाहिजेत."

मी म्हटलं, "टाकी हळूहळू सरकवू या."

"टाकी सरकली की त्या म्हणतील, टाकी नेली. मासा स्वतः गेला पाहिजे. यांच्या डोळ्यांसमोरून."

पुण्याच्या मुलीनं पूर्वी कधी पाठवलेला एक व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. दोन टाक्या, मधे पाण्यानं भरलेली उंच नळी, आणि तिच्यातून जाणारे मासे. दोन्ही टोकं पाण्यात बुडालेली असली आणि आतली हवा काढून घेतली, की पाणी वर चढतं आणि वरच राहतं. बाहेरची हवा टाकीतल्या पाण्यावर दाब देते, ती त्याला खाली येऊ देत नाही. मला हे शाळेत शिकवलं होतं. खरं वाटलं नव्हतं.

दुकानांचे बोर्ड बनवणारे एक भाई सरांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडून जाड पारदर्शक प्लॅस्टिकची चौकोनी कमान करून घ्यायची ठरली. मी सरांबरोबर गेले होते. भाईंनी कागदावरचं चित्र उलटं-सुलटं करून बघितलं.

"मास्साब, ये दरवाज़ा किसके वास्ते?"

"मछली के वास्ते."

भाईंनी कागद पुन्हा सरळ केला. "ऊपर से खुल्ला नक्को?"

"नक्को. ऊपर से बंद. नीचे से खुल्ला."

"तो पानी गिरेगा ना मास्साब!"

"नहीं गिरेगा. आके देखना."

"देखने कू तो आताच मैं," भाई म्हणाले, आणि खरंच आले.

दुसरी टाकी डावीकडे, सरांच्या खुर्चीला लागून, तिवईवर ठेवली होती. सरांनी दवाखान्यातून आणलेली सलाईनची नळी कमानीच्या आतून वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचवली आणि दुसरं टोक तोंडात धरून हवा ओढायला सुरुवात केली. गाल आत जात, डोळे मोठे होत. ओढायचं, नळी चिमटीत धरायची, दम घ्यायचा. काकू म्हणाल्या, "आता हुक्का ओढायला लागले का?" पाणी मात्र दोन्ही पायांतून बोट-बोट वर चढत होतं. कमान भरली आणि भाईंनी "या अल्ला" म्हणून कपाळाला हात लावला. कौतुक संपायच्या आत फरशीवर धार लागली. डावीकडची तिवई उजव्या स्टँडपेक्षा बुटकी होती. जोडलेल्या पाण्याला एकच पातळी ठाऊक. ते या टाकीतून त्या टाकीत जाऊन काठावरून बाहेर पडलं. काकूंना डावीकडचा पूर दिसत नव्हता. उजवीकडचं पाणी उतरताना दिसत होतं. "मास्तर, पाणी कुठं चाललं? आज नळाचा दिवस नाय, सांगून ठेवते!"

तिवईखाली फळ्या घालून ते निस्तरलं. पुढची अडचण हट्टी निघाली. कमान संध्याकाळी भरावी आणि सकाळी बघावं तर वर हवा, पाणी खाली उतरलेलं. भाईंनी सांधे पुन्हा चिकटवले. सरांनी सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघितला, कुठेही गळती नव्हती. तरी हवा येतच होती. सरांनी नळाच्या दिवशी टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या आणि ताजं, स्वच्छ पाणी भरलं. त्या वेळी तर आणखी लवकर कमान उतरली.

आमच्याकडे एक रीत आहे. नळ आला की घरात साठवलेलं पाणी 'शिळं' होतं. कालपर्यंत जे पाणी वाटी-वाटीनं वापरलं, ते नळाच्या दिवशी झाडांना, अंगणाला, फरशीला जातं आणि ड्रम ताज्या पाण्यानं भरतात. पाण्याची इतकी चणचण असूनही कुणाला यात वावगं वाटत नाही. सरांनाही वाटलं नव्हतं. काकूंच्या घरात शिळं पाणी देवाला नाही, माणसाला नाही, मग माशांना कसं द्यायचं?

एका सकाळी मी खाली आले तर सर खुर्चीवर नव्हते. काकूंच्या उशाशी, जमिनीवर उकिडवे बसून स्टुलावरच्या काचेच्या पेल्याकडे बघत होते. आदल्या दिवशी नळाचं पाणी त्यात भरून ठेवलं होतं. पेल्याच्या आतल्या अंगाला खसखशीसारखे बुडबुडे चिकटले होते.

"हवा बाहेरून येत नाही," सर म्हणाले. "पाण्यातूनच निघते. ताज्या पाण्यात भरलेली असते ती. एक-दोन दिवस उघडं राहिलं की निघून जाते." आणि मग अगदी आनंदानं, "आपल्याला शिळं पाणी पाहिजे!"

त्यांचं स्वतःचं शिळं पाणी तर त्यांनी फेकून दिलं होतं. पुढच्या नळाच्या दिवशी, पाणी यायच्या जरा आधी, सर दोन बादल्या घेऊन गल्लीत निघाले. मी मागे तिसरी घेऊन.

"वहिनी, शिळं पाणी आहे का?"

शेजारच्या वहिनी हातात पाइप धरून उभ्या होत्या. "सर, ताजं यायलंय की आत्ता!"

"ताजं तुम्ही प्या. शिळं मला द्या."

"माशांना शिळं? अन् कुणी ऐकलं तर म्हणतील, सरांना गल्लीनं शिळंपाकं दिलं."

"शिळंच हवंय. जितकं जुनं तितकं बरं."

वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या. पण त्यांनी ड्रम वाकवला. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "किती दिवसांचं पाहिजे?" जणू लोणचंच मागितलं होतं. त्यानंतर नळाच्या दिवशी सरांच्या फाटकापाशी कुणी न सांगता झाकलेल्या बादल्या येऊन बसू लागल्या. कमान भरली आणि भरलेलीच राहिली.

आता मासे जातील, असं आम्हाला वाटलं. मासे जाईनात. एखादा कमानीच्या पायात तोंड घालायचा, थोडा वर चढायचा, परत फिरायचा. मी एकदा जाळीनं ढकलू का विचारलं. सर इतके रागावले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मग चेंडूत आणि माशात फरक काय राहिला?" ते खाणं फक्त डावीकडच्या टाकीत टाकू लागले आणि वाट बघत बसले. अखेर एक गेला. मग दुसरा.

आणि काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "अगं बया! मासा कुठं गेला?" त्यांच्या दृष्टीनं कमान पलंगाच्या मध्यापर्यंत यायची आणि संपायची. "तुमचा नळ अर्धवट हाय मास्तर, मासे पडायलेत त्यातनं!" परत उजवीकडे मासा आला की म्हणत, "हा नवा आणला का?" मांजर आलं असेल म्हणून त्यांनी मला पलंगाखाली बघायला लावलं. सर डावीकडून म्हणत, "पडला नाही, इकडं आहे. या बाजूला बघा." काकू मान उजवीकडेच आणखी वळवत, दाराकडे, आवाज बाहेरून येतोय म्हणून.

हसू येण्यासारखंच होतं सगळं, आणि आम्ही हसलोही. पण त्याच सुमारास एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काकू आता 'मास्तर कुठं गेले' असं विचारत नव्हत्या. आवाज आला तरी 'आत या' म्हणत नव्हत्या. जेवण झालं की भिंतीकडे बघत पडत. एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "कटाळले असतील गं. माणूस तरी किती करंल." अगदी समजूतदारपणे, तक्रार न करता. सर तिथंच, हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवायला बराच वेळ लावला. मी जिन्यात त्यांना गाठलं आणि सांगितलं, "सर, आता पुरे. उजवीकडे बसा."

"मलाही तेच वाटायला लागलंय," ते म्हणाले. त्यांनी तसं कबूल करणं मला जास्त लागलं.

त्या काळात मी त्यांना एकदा विचारलं होतं, काकू आता स्थिर आहेत, तर त्यांचं चित्र का काढत नाही. "नको," म्हणाले. "आता त्या बसलेल्या नाहीत. बसवलेल्या आहेत."

सर या उन्हाळ्यात गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, कुणाला हाक न मारता. काकूंची डावी बाजू पूर्ण परत आली असं नाही. हात चालत नाही. दमल्या की ताटातली डावीकडची चटणी अजून राहते. मग त्या स्वतःच ताट फिरवतात आणि ताटावर खेकसतात. पण खिडकी आहे हे त्यांना ठाऊक आहे. बादल्या अजून येतात. मी कमान भरायला शिकले आहे. बघायलाही, थोडंफार. ते जास्त अवघड होतं.

सर आणि मी जिन्यात बोललो, त्या दिवशी दुपारी काय झालं ते आता सांगते. आम्ही ठरवलं होतं की चहा झाला की खुर्ची उजवीकडे न्यायची. मी दारात कप घेऊन उभी होते. काकू उशांना टेकून टाकीकडे बघत होत्या. 'आळशी' कमानीत शिरला. तो आजवर कधी वर गेला नव्हता. फाटक्या शेपटीनं हळूहळू चढला, आडव्या भागात आला आणि बरोबर मध्यावर, पलंगाच्या वर, थांबला. बाकीचे तिथून झटकन जात आणि काकूंच्या जगातून पुसले जात. हा थांबून राहिला. तोंड उघडझाप करत राहिला.

"चल की," काकू पुटपुटल्या. "काय रे, दमलास व्हय?"

मासा हलला. वीतभर पुढे. काकूंचे डोळे वीतभर पुढे गेले. तो पुन्हा थांबला, त्याही थांबल्या. असं करत तो डावीकडच्या पायापर्यंत पोचला आणि खाली उतरू लागला, आणि काकूंची मान उशीवर सावकाश, किती दिवसांची ताठर झालेली, त्याच्या मागे डावीकडे वळत गेली. माझ्या हातातले कप वाजू नयेत म्हणून मी ते छातीशी धरले.

"अगं, इथं आणिक एक टाकी हाय की," काकू म्हणाल्या.

मग त्यांची नजर टाकीवरून पलीकडे सरकली. लोखंडी खुर्चीवर. सर हललेसुद्धा नव्हते. पेपर गुडघ्यावर तसाच उघडा होता. काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुम्ही कधी आलात?"

सरांनी पेपरची घडी घातली.

"आत्ताच."

"मग बसा की जरा," काकू म्हणाल्या. "लगेच उठू नका."

"बसतो," सर म्हणाले.